हायड्रॉलिकचं तेल आणि आक्काची हाक

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, पण लिहायला आज पहिल्यांदाच बसले. आधीच सांगते — भूत, करणी, बाहेरची बाधा यातलं मी काही मानत नाही. 'मानत नव्हते' असं लिहायला हवं का, ते अजून ठरत नाहीये... बेळगावात एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजमध्ये फिजिक्स शिकवते, अनगोळात राहते. वर्गातल्या मुली अमावास्येचं काहीबाही बोलायला लागल्या की त्यांची चेष्टा करण्यात मी सगळ्यांच्या पुढे असते. त्यामुळे हे वाचून कुणी माझी चेष्टा केली तर मला राग येणार नाही.

माझी मोठी बहीण — आक्का — बोरगावच्या अलीकडे एका गावात दिलेली आहे. नदीकाठचं मळीचं, गाळाचं काळं रान. दाजी कागलच्या एका कारखान्यात शिफ्टला जातात, त्यामुळे शेत सगळं आक्काच बघते. ट्रॅक्टरही तीच चालवते. साडीवर दाजींचा जुना फुल शर्ट, डोक्याला टॉवेल, आणि स्टिअरिंगवर अशी बसते की रस्त्यानं जाणारे लोक मान वळवून बघतात. ट्रॅक्टर सेकंडहँड होता. हुक्केरीकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतलेला, पण इंजिन ठणठणीत.

दसऱ्याच्या सुट्टीत मी एकटीच तिच्याकडे गेले होते. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्यासाठी रान तयार करायचं होतं. गेल्या गेल्या आक्काची तक्रार सुरू — "सुमे, हायड्रॉलिक उचलंना झालंय बघ. रोटाव्हेटर वर घ्यायला गेलं की कण्हतंय नुसतं."

मी शहाणपणानं म्हटलं, तेल कमी झालं असेल. आमचा विषयच तो. बंद जागेतलं तेल दाबलं की तो दाब सगळीकडे सारखा पोचतो, आणि त्या जोरावर ट्रॅक्टरची मागची लिफ्ट रोटाव्हेटरसारखं, माती भुसभुशीत करणाऱ्या पात्यांचं जड लोखंड उचलते. तेल कमी पडलं तर पंप हवा ओढतो, लिफ्ट हिसके देते, वर जात नाही. आक्कानं सीटमागची तेल मोजायची पट्टी काढून दाखवली. खरंच, तेल खुणेच्या खूप खाली.

"परवाच घातलतं की गं," ती म्हणाली. "त्याच्या आधीबी घातलतं. कुठं जातंय म्हणायचं?"

आम्ही कॅन आणून तेल भरलं. लिफ्ट झकास उचलायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तर तेल पुन्हा खाली! शेडमधल्या जमिनीवर एक डाग नाही. मी मोबाईलची बॅटरी लावून पाइप, जोड, सगळं बोटानं चाचपून बघितलं. सगळं कोरडं.

बोरगावहून बाळू मिस्त्रींना बोलावलं. शांत माणूस, कामाला पक्का. त्यांनी सील बदलले, नट आवळले आणि जाताना ट्रॅक्टरखाली कोरे पुठ्ठे अंथरून गेले. सकाळी पुठ्ठे जसेच्या तसे आणि तेल पुन्हा कमी. मग त्यांनी इंजिनचं ऑइल तपासलं. पंपाचं सील गेलं की हायड्रॉलिकचं तेल कधी कधी इंजिनात उतरतं म्हणे. तिथंही वाढ नाही. क्लचच्या बाजूलाही काही नाही.

"म्याडम," ते हात पुसत मला म्हणाले, "तेल सांडलं तर डाग पडतोय. आत गेलं तर दुसरीकडं वाढतंय. हितं दोन्ही न्हाय. मग मी दुरुस्त काय करू?"

मी हसले. पण ते हसले नाहीत. ट्रॅक्टरकडे पाठ न करता, जरा बाजूनं चालत ते शेडच्या बाहेर पडले... हे तेव्हा मला नुसतं दिसलं होतं. आता आठवलं की अंगावर येतं.

रान वाळत चाललं होतं, थांबून चालणार नव्हतं. आक्कानं ठरवलं, रोज तेल घालायचं आणि काम उरकायचं. तसे तीन-चार दिवस गेले. आणि मग ती सकाळ.

लख्ख ऊन होतं. मी आक्काबरोबर रानात गेले होते. बांधावर करंजाचं झाड आहे, त्याच्या सावलीत बसले. पलीकडच्या रानात माणसं काम करत होती, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. म्हणजे जागा काही निर्जन नव्हती. आक्का रोटाव्हेटर मारत होती. बांधाजवळ येऊन ट्रॅक्टर थांबला. ठिबकच्या जुन्या नळ्या मातीत राहिल्या होत्या, त्या पात्यांना गुंडाळल्या होत्या. आक्कानं लिफ्टनं रोटाव्हेटर पूर्ण वर घेतला आणि इंजिन बंद केलं. तेवढ्यात मला कॉलेजमधून फोन आला. पेपर तपासणीचं काहीतरी होतं. मी झाडाकडे तोंड करून बोलत राहिले. आक्का माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, पण माझं लक्ष नव्हतं.

फोन संपतोय तोच मागून हाक आली — "सुमे... जरा हात दे गं."

आक्काचाच आवाज. रोटाव्हेटरच्या खालून. मला वाटलं, ही खाली शिरून नळ्या काढते आहे. मी उठून गेले. जाताना काय मनात आलं कोण जाणे, सीटमागची पट्टी ओढून बघितली.

पट्टी कोरडी होती. निघताना आम्ही दोघींनी मिळून तेल भरलं होतं, खुणेपर्यंत. आणि आता पट्टीच्या टोकाला ओलसुद्धा नाही.

 लिफ्ट वर गेली की थोडं तेल सिलिंडरमध्ये जातं, पट्टीवर जरा कमी दिसतं, हे मला माहीत आहे. पण इतकं नाही. वरती एवढं लोखंड लटकलेलं, खाली माझी बहीण, आणि टेकू म्हणून ठोकळासुद्धा लावलेला नाही. ओरडले तर ती दचकून डोकं वर करेल म्हणून मी आवाज शांत ठेवला.

"आक्का, आधी बाहेर ये. तेल नाहीये यात."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू आत ये."

"अगं पडेल अंगावर. ये बाहेर!"

"सुमे... वाकून बघ की."

आवाज नेहमीचा होता. चिडका नाही, घाबरलेला नाही. पहाटे अंथरुणातून उठवताना ती जशी मऊ बोलते तसा. मी गुडघ्यावर बसले. खाली अंधारच होता, उन्हातून एकदम बघितल्यावर वाटतो तसा. नळ्या लोंबत होत्या आणि पाती हलत होती. पलीकडून कुणीतरी नळी ओढत असावं तशी, हळू... थांबून थांबून. मी एक हात आत घातला. डोकंही घालणार होते.

"सुमे! काय करालीस गं तितं?"

ही हाक पाठीमागून आली. लांबून.

मी मान वळवली. पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडून बांधावरून आक्का येत होती. हातात कोयता. नळ्या कापायला ती कोयता आणायला गेली होती. मघाशी मला तेच सांगत होती.

पुढचं मला सलग आठवत नाही. मी मागे फेकल्यासारखी पडले, आणि रोटाव्हेटर खाली आला. एरवी अशी लिफ्ट सावकाश उतरते. हा दोर तोडल्यासारखा आदळला. जमीन हादरलेली मला पाठीला कळली. माझ्या ओढणीचं टोक पात्यांखाली मातीत गाडलं गेलं होतं. आक्कानं धावत येऊन त्याच कोयत्यानं ओढणी कापली, तेव्हा मी उठू शकले.

पलीकडच्या रानातली माणसं पळत आली. आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं, मागं बघितलं. कुणी नव्हतं. भुसभुशीत मातीत पावलं होती ती माझी, आणि लांब जाणारी आक्काची. लिफ्टचा लिव्हर वरच्याच खुणेला होता, त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

आणि तेल... पट्टीच्या भोकातून तेल वर येत होतं. भरून, उतू जात होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या, गिअर आणि तेल असतं त्या लोखंडी पेटीवरून ओघळून मातीत पडत होतं. लिफ्ट खाली आली की सिलिंडरमधलं तेल परत येतं, हे मीही म्हणेन. पण ते मूठभर. इथं आम्ही आठवडाभर ओतलेलं सगळं तेल परत आल्यासारखं वाहत होतं. आक्कानं त्यात बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं.

"गार हाय गं," ती म्हणाली. "हिरीच्या पाण्यागत."

सकाळपासून चाललेला ट्रॅक्टर होता तो. मागचं लोखंड हात ठेववत नव्हता इतकं तापलेलं.

संध्याकाळी दाजी कामावरून आले. चहा करता करता आक्कानं त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते हसतील, निदान 'उन्हानं झालं असंल' म्हणतील. ते कपाकडे बघत बसले. मग मला विचारलं, "आवाज कुणाचा होता?"

"आक्काचा."

त्यांनी कप बाजूला सरकवला. "मलाबी तिचाच आलता," ते म्हणाले.

मागच्या महिन्यात ते नाईट करून सकाळी घरी आले होते. शेडमधून आक्काची हाक आली — अहो, जरा हात द्या. ट्रॅक्टरखालून. ते वाकायला आणि खिशातला फोन वाजायला एकच गाठ पडली. फोन आक्काचा होता. ती निपाणीच्या बाजारात होती आणि मिरच्या किती घेऊ म्हणून विचारत होती.

"मला वाटलं जागरणानं डोकं फिरलंय," दाजी म्हणाले. "लोकांस्नी काय सांगायचं?"

आक्कानं चहाचं भांडं खाली ठेवलं. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"लोकांस्नी न्हाय," ती म्हणाली. "मला सांगायचं. मी रोज त्याच्यावर बसती. माझी बहीण आज त्याच्याखाली गेली असती. आणि तुम्ही गप बसलासा."

 त्या रात्री आक्का माझ्याजवळ झोपली. दोघींनाही झोप लागली नाही.

दोन दिवसांनी दाजी आणि मी हुक्केरीकडे जुन्या मालकाकडे गेलो. खरं सांगते, मला तिथं काहीतरी सापडायला हवं होतं. कुणी त्या ट्रॅक्टरखाली गेलं असेल, काही अपघात, काही पाप... म्हणजे निदान एक कारण तरी मिळेल. म्हातारा अंगणात शेंगा फोडत बसला होता. आमचं ऐकून तो गोंधळला. "एनू आगिल्ला री," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. काहीच झालं नाही. मुलाला मोठा ट्रॅक्टर पाहिजे होता म्हणून हा विकला. घरातली सगळी माणसं धडधाकट समोर होती. शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. तेल कमी झाल्याचंसुद्धा कुणाला आठवत नव्हतं. म्हाताऱ्यानं आम्हाला शेंगा बांधून दिल्या आणि तो गेटपर्यंत सोडायला आला.

येताना गाडीत दाजी म्हणाले, "म्हणजे आमच्याकडं आल्यावर चालू झालं."  मलाही तोच विचार छळत होता.

विकायचं म्हटलं तर आक्का ऐकेना. "दुसऱ्याच्या घरात तिथल्या बाईच्या आवाजात हाक मारल. मग?" शेवटी निपाणीत भंगारात दिला, तोही तिच्या अटीवर — तिच्यासमोर कापायचा. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर पदर खोचून बसली आणि गॅस कटरनं मागची पेटी उघडेपर्यंत हलली नाही. आत काही नव्हतं. गिअर, दांडे, तळाला थोडं काळपट तेल. कापणाऱ्यांनी तुकडे ढिगावर टाकले आणि ते जेवायला गेले. आक्का आणखी थोडा वेळ त्या ढिगाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "चल."

आता रानाचं काम भाड्याच्या ट्रॅक्टरनं होतं. पुन्हा काही घडलेलं नाही. आक्का-दाजींचं बोलणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. एक गाठ राहिली आहे मध्ये. मी गावी गेले की आक्का मला दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाही. आधी दारात येऊन उभी राहते, मी बघितलं की मग बोलते. हे आम्ही ठरवलेलं नाही, आपोआप झालं.

मी बरीच कारणं शोधली. ऊन, भास, पलीकडच्या रानातल्या बायकांचा आवाज, पंपातला दोष. तेलाचं कदाचित कुणी इंजिनिअर समजावून देईल, जरूर सांगा. पण हाकेचं? दाजींनी ऐकलेल्या हाकेचं? माझ्याकडे याचं उत्तर नाही, आणि हल्ली मी शोधतही नाही.

मागच्या खेपेला मी परत निघाले तेव्हा आक्का स्टँडवर सोडायला आली होती. बस लागली, मी चढणार, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"सुमे, खरं सांग. अगदी माझ्यासारखाच होता व्हय गं आवाज?"

"नाही गं," मी म्हटलं. "जरा जाड होता. नंतर लक्षात आलं माझ्या."

तिचा चेहरा सैल पडला. बरं वाटलं असावं तिला. बस हलल्यावर तिनं हात केला, मीही केला.

जाड नव्हता. कुठंही, कणभरसुद्धा वेगळा नव्हता.