कुंकू लागलेली फ्लॉपी

कपाट आवरताना आज एक मोठी काळी फ्लॉपी हाताला लागली आणि तिच्यावरचा कुंकवाचा डाग पाहून इतक्या वर्षांनीही किळस आली. रत्नागिरीतल्या आमच्या कचेरीत तेव्हा एकच कॉम्प्युटर होता, आणि त्याच्या खोलीत चपला काढूनच जायचं. त्या दसऱ्याला साहेबांनी कॉम्प्युटरबरोबर फ्लॉप्याही पाटावर मांडल्या आणि आतली चकती जिथे उघडी असते नेमकं त्या खाचेवर हळदकुंकू वाहिलं. त्यातल्या एकीत एका निवृत्त गुरुजींनी केळशीपासून देवरूखपर्यंत पायपीट करून जमवलेले गावोगावच्या बोलीतले शब्द होते, आमच्याच कॉम्प्युटरवर उतरवलेले. मूळ वह्या वाळवीने खाल्लेल्या. दुसऱ्या दिवशी ती फ्लॉपी घातली तर ड्राइव्ह खरखरला आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला : डिस्क वाचता येत नाही, थांबू, पुन्हा बघू, की सोडून देऊ? कुंकू आत गेलंय, आता थांबायलाच हवं, नाहीतर चकती खरवडून निघेल, हे मला स्वच्छ कळत होतं. पण साहेब पाठीशी उभे. "पुन्हा दाब. पूजा केलेलं मशीन बंद पडेल होय?" मी दाबत राहिलो. संध्याकाळी गुरुजी घरून दुसरी, शेवटची प्रत घेऊन आले. तीही मी त्याच माखलेल्या ड्राइव्हमध्ये घातली. तीच खरखर, तोच प्रश्न. "काय म्हणतंय हो मशीन?" गुरुजींनी विचारलं. साहेबांकडे बघत मी म्हटलं, "तुमच्या फ्लॉप्याच हलक्या होत्या, गुरुजी." त्यांनी दोन्ही फ्लॉप्या टेबलावर ठेवल्या आणि हात जोडले, "तुम्हाला उगाच त्रास दिला हो." आज तो डाग घासून पाहिला, बोट लाल झालं, ते मी दोनदा साबणाने धुतलं.