वायोमिंगची वहिनी आणि तिचं रिव्हॉल्व्हर

माझ्या भावाने, अन्सेल्मोने, साठी उलटल्यावर लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा मी चुलीपाशी सूप ढवळत उभी होते. बाई कोण, कुठली, मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "वायोमिंगची आहे. घोड्यांना नाल ठोकते. आणि तिच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे." तिन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकल्या की सुटलो, असा त्याचा हिशेब असावा.

अन्सेल्मो मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या ब्रॅमहॅम बंदरातून बर्फातली मासळी ट्रकने पश्चिमेला न्यायचा. दोन हिवाळ्यांमागे वायोमिंगमध्ये बर्फाच्या वादळात त्याचा ट्रक रस्त्याकडेच्या चरात गेला. तिकडे माणसांपेक्षा हरणं जास्त. तेवढ्यात घोड्यांच्या एका रँचवरून काम उरकून परतणारी व्हर्ला स्टॉकडेल तिच्या पिकअपमधून आली, त्याला बाहेर काढलं आणि घरी नेऊन मांसाचा रस्सा खाऊ घातला. रिव्हॉल्व्हर तिच्या शेजारच्या सीटवर पडलेलं होतं, जशी आमच्याकडे बायकांची पर्स पडलेली असते तसं. अन्सेल्मो घाबरून दाराला चिकटून बसला. ती म्हणाली, "ते सापांसाठी आहे. तू साप आहेस का?" तिथून फोन सुरू झाले ते दोन वर्षं थांबले नाहीत.

रिव्हॉल्व्हर तिच्या आईचं होतं. व्हर्ला वयात आली तेव्हा आईने ते तिच्या हातात दिलं आणि एकटीला कामाला पाठवलं. वायोमिंगमध्ये त्यासाठी तिला कधी कुणाची परवानगी मागावी लागली नव्हती. आमच्या मॅसॅच्युसेट्सची गोष्ट वेगळी. इथे आधी हत्यार वापरायच्या वर्गात बसायचं, मग पोलीस चौकीत बोटांचे ठसे द्यायचे, मग गावच्या पोलीस प्रमुखांसमोर मुलाखत, आणि त्यांना पटलं तर परवाना. नव्याने राहायला आलेल्याला त्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. तोवर हत्यार घरात कुलपात. अन्सेल्मोने चौकीत जाऊन हे सगळं विचारून घेतलं आणि रात्रीच्या फोनवर भीत भीत तिला सांगितलं. त्याला वाटलं, लग्न मोडलं.

मग व्हर्लाने विचारलं, की आणखी काय काय वेगळं आहे? अन्सेल्मोला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं. त्यातलं एक तिला फार लागलं. तिच्या राज्यात कुणी अंगावर आलं तर जागच्या जागी उभं राहून प्रतिकार करायचा तिला हक्क होता. आमच्याकडे घराबाहेर असाल आणि सुखरूप मागे हटता येत असेल, तर आधी मागे हटायचं. स्वतःच्या घरात तेवढं मागे सरायचं बंधन नाही. "म्हणजे मी पळायचं?" ती म्हणाली. "पळायचं नाही, हटायचं," अन्सेल्मो म्हणाला. ती म्हणाली, दोन्हीत माझी पाठच अंगावर येणाऱ्याकडे होते. आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला, आणि आवाजात इतका उत्साह की अन्सेल्मोने फोन माझ्याही कानाला लावला. तिने रात्रभर विचार केला होता. नवरा नवा, आडनाव नवं, समुद्र तर तिने जन्मात पाहिला नव्हता. एवढं सगळं नवं घ्यायचं तर कायदाही नवा घेऊन टाकू. तिने वकिलाला गाठलं होतं, वाटेतल्या प्रत्येक राज्याचे नियम विचारले होते, आणि आता ती परीक्षेला बसणाऱ्या पोरीसारखी ते मला पाठ म्हणून दाखवत होती.

मे महिन्यात ती निघाली. पिकअपच्या मागच्या भागात ऐरण, हातोडे, नालांच्या पेट्या, आणि सगळ्यात तळाला कुलूपबंद लोखंडी डब्यात रिकामं रिव्हॉल्व्हर. गोळ्या वेगळ्या डब्यात, त्यालाही कुलूप. रोज संध्याकाळी फोन यायचा. नेब्रास्कात वारा फार. आयोवात ॲपल पाय उत्तम. पेनसिल्व्हेनियातल्या पेट्रोल पंपावरून तिने मला सांगितलं, "इर्मेलिंडा, आता पुढे न्यू यॉर्क. तिथला कायदा सगळ्यात कडक आहे असं वकील म्हणाला. नुसतं पार व्हायचं, रेंगाळायचं नाही. मी लघवीलासुद्धा थांबणार नाही." खरोखरच थांबली नाही. आमच्या राज्याची पाटी दिसल्यावर पहिल्या विश्रांतिगृहात घुसली आणि तिथून विजयी सेनापतीसारखा फोन केला.

ती आली तेव्हा आम्ही अंगणात गोड पाव आणि भाजलेले सॉसेज मांडून बसलो होतो. उंच, वाळकी, खांदे मात्र पुरुषासारखे, आणि पांढऱ्या केसांची जाड वेणी. पिकअपमधून उतरून तिने अन्सेल्मोला मिठी मारली, मला मारली, आणि म्हणाली, कुठाय? आम्ही तिला धक्क्याशेजारच्या वाळूवर नेलं. समुद्र बघून तिने बूट काढले आणि कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. पाणी तेव्हा बर्फासारखं असतं. तिला बाहेर बोलवायला अन्सेल्मोलाही आत जावं लागलं.

पुढचे दिवस तिने आमच्या घरात नुसती धमाल उडवली. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची. शिकवणाऱ्याला नेम कसा धरायचा हे काही तिला शिकवावं लागलं नाही, पण कायद्याच्या तासाला ती इतके प्रश्न विचारायची की बाकीचे घड्याळाकडे बघायचे. माणूस दहा पावलांवर असेल तर? हातात दगड असेल तर? माझ्याबरोबर कुणी लंगडं असेल तर? हा शेवटचा प्रश्न माझ्यामुळे आला, कारण माझा उजवा गुडघा केव्हाचाच गेलेला. शिकवणारा म्हणाला, सुखरूप हटता येत असेल तरच हटायचं बंधन. सोबतच्या माणसाला सोडून जावं लागत असेल तर गोष्ट वेगळी. पण असा प्रसंग आलाच तर कोर्ट विचारणार, आणखी काही करता आलं असतं का?

मग मुलाखत झाली. आमच्या पोलीस प्रमुख मोरीन किओहेन, बोलायला गोड आणि नजर करवतीसारखी. त्यांनी व्हर्लाला विचारलं, इथे साप नाहीत, मग हे कशाला हवं? व्हर्ला म्हणाली, आईने दिलंय, आणि आयुष्यभर मी लोकांच्या आडरानातल्या तबेल्यांवर एकटी जात आलेय, इथेही जाणार आहे. किओहेन बाईंनी मग घोड्यांबद्दल विचारलं. त्यांच्या पुतणीचा घोडा मागच्या पायाने लंगडत होता म्हणे. मुलाखत लांबली ती त्यामुळे. मुदतीच्या आत परवाना आला. व्हर्लाने त्या कार्डाचा मुका घेतला आणि मला घेऊन आइस्क्रीम खायला निघाली.

आता जे सांगते ते ऑगस्टमधलं. शनिवारची दुपार, मासळीच्या लिलावाचं आवार रिकामं झालेलं. मला कालवं हवी होती म्हणून व्हर्ला मला पिकअपमधून घेऊन गेली. तिची ती अवाढव्य गाडी तिने होड्या पाण्यात सोडायच्या उताराच्या तोंडाशी लावली. तिचं चुकलंच, पण तिला तो उतार आहे हेच कळलं नव्हतं. आम्ही कालवं घेऊन येतो तर एक माणूस गाडीपाशी उभा. आमच्या गावचा नव्हता. मागे त्याची होडी ट्रेलरवर अडकलेली, आणि तो सकाळपासून प्यालेला. व्हर्लाने लगेच माफी मागितली, किल्ली दाखवली, आत्ता काढते म्हणाली. त्याने तिच्या वायोमिंगच्या नंबरप्लेटवर लाथ मारली. मग होडीतून मोठे मासे ओढायचा लोखंडी आकडा काढला, माणसाच्या उंचीएवढा दांडा असलेला, आणि पिकअपची काच फोडली. आणि मग आमच्याकडे वळला.

व्हर्लाच्या जाकिटाखाली रिव्हॉल्व्हर होतं. मला माहीत होतं, त्याला नव्हतं. मी तिला म्हणाले, "तू जा, मला पळता येत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं, मग इकडे तिकडे पाहिलं. भिंतीशी मासळी वाहायची दोन चाकांची ढकलगाडी होती. पुढे काय झालं ते मला नीट कळलंही नाही. तिने मला कमरेला धरून उचललं, घोड्याचा पाय उचलावा तशी, आणि त्या गाडीत टाकलं. खाली बर्फाचं पाणी आणि खवले. मग दांडा धरून ती सुटली. पाठ पुढे, तोंड त्या माणसाकडे, उलट्या पावलांनी गाडी ओढत, आणि सारखी मोठ्याने बोलत होती, "आम्ही जातोय. आम्हाला भांडायचं नाही. तिथेच थांब." तो येत होता. आकड्याचं टोक फरशीवर खरवडत होतं. मी डोळे मिटून मरियामातेचं नाव घेत होते आणि कालवांची पिशवी पोटाशी धरली होती.

शीतगृहाचं दार उघडं होतं. तिने मला गाडीसकट आत ओढलं आणि जाड दार लावून कडी घातली. दुसऱ्याच क्षणी बाहेरून आकडा आपटला. आत दिवा होता, बर्फाचे ढीग होते आणि दुसरा दरवाजा नव्हता. मी फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होते, दात वाजत होते. व्हर्ला माझ्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली. तिने जाकिटाची चेन उघडली, हात तिथे ठेवला, पण हत्यार बाहेर काढलं नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता मागे जागा संपली, इर्मेलिंडा. हे दार तुटलं तर तू माझ्या पाठीमागे खाली बस आणि उठू नकोस."

दार तुटलं नाही. मासळीचं दार ते, हत्तीलाही दाद देणार नाही. पोलिसांचा सायरन ऐकू आला, आरडाओरडा, मग किओहेन बाईंचा आवाज. व्हर्लाने दोन्ही हात वर करूनच दार उघडलं आणि सगळ्यात आधी सांगितलं की माझ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, उजव्या बाजूला. किओहेन बाईंनी ते ताब्यात घेतलं. बाहेर काढलं होतं का, विचारलं. नाही. त्याला दाखवलं, सांगितलं, धमकावलं? नाही. किओहेन बाईंनी माझ्या अंगावरचे खवले बघितले, ढकलगाडी बघितली, तोंडावर हात ठेवून हसू दाबलं आणि म्हणाल्या, "व्हर्ला, तू माझा शनिवार वाचवलास." संध्याकाळी रिव्हॉल्व्हर परत मिळालं.

घरी आल्यावर मात्र ती कालवांची पिशवी पुढ्यात ठेवून स्वयंपाकघरात बसून राहिली. रडली नाही. म्हणाली, की आयुष्यात ती कुणापुढे एक पाऊल मागे सरली नव्हती, आणि आज सरताना तिला फार लाज वाटत होती. आणि त्याच वेळी दुसरंही वाटत होतं, जे तिला सांगता येत नव्हतं. त्या माणसाला दोन मुली आहेत, असं किओहेन बाईंनी रिव्हॉल्व्हर परत देताना सांगितलं होतं. मग व्हर्लाने कालवं उघडायला घेतली, आणि आम्ही तिघांनी ती लिंबू पिळून खाल्ली. भूक अशी लागली होती की काय सांगू.

बातमी वायोमिंगला पोचली. तिच्या भावाने, रोस्कोने, फोन करून टोमणा मारला, की पूर्वेला जाऊन स्टॉकडेल घराण्याची पोर पळायला शिकली म्हणे. व्हर्ला फोन स्पीकरवर ठेवून पीठ मळत होती. "पळाले नाही," ती म्हणाली. "एका जाड बाईला गाडीत घालून उलट्या पावलांनी ओढलं. तू करून दाखव, मग बोल." मी रागावल्याचं नाटक केलं. रोस्को इतका हसला की त्याला ठसका लागला.

कोर्टात त्या माणसाने गुन्हा कबूल केला. दारू सोडायच्या उपचाराची अट घालून त्याला शिक्षा झाली आणि पिकअपची काच त्यानेच भरून दिली. व्हर्लाने जबाबात स्वतःची चूकही सांगितली, की गाडी उताराच्या तोंडाशी लावली होती. लग्न ऑक्टोबरमध्ये गावातल्या आम्हा मूळच्या पोर्तुगीज लोकांच्या सभागृहात झालं. किओहेन बाई पुतणीला घेऊन आल्या आणि नाचल्याही. आता व्हर्ला त्या वर्गात मदतीला जाते. दुसऱ्या राज्यांतून आलेले लोक तिच्याकडे येतात, टेक्सासचे, अ‍ॅरिझोनाचे, चिडलेले, गोंधळलेले. ती त्यांना कॉफी देते आणि पहिल्यापासून सांगत बसते.

गेल्या महिन्यात अन्सेल्मोने ट्रक विकून छोटी होडी घेतली. व्हर्ला सुकाणू धरायला शिकतेय, आणि तिने आम्हाला सळो की पळो करून सोडलंय. कारण ऱ्होड आयलंडचं पाणी इथून जवळच, तिकडे मासेही चांगले, आणि तिचा परवाना त्या राज्यात चालत नाही. परवा तिने नकाशा टेबलावर पसरून किओहेन बाईंना फोन लावला, की राज्याची हद्द पाण्यात नेमकी कुठे लागते? पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत होता. व्हर्ला पेन्सिल तयार ठेवून उभी होती, डोळे नुसते चमकत होते.