पत्ता सापडला नाही

देवानंद तायडे अकोल्याच्या कोर्टात एकतीस वर्षं बेलीफ होते. ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा मारून एकही समन्स परत आणलं नाही, हे ते स्वतःच्या लग्नापेक्षा जास्त अभिमानाने सांगतात.

मागच्या महिन्यात त्यांच्याच दारात दोन वसुलीवाले आले. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने, अनुपने, क्रेडिट कार्डाची बिलं थकवली होती.

“काका, तुमी भरा, नाही तर गल्लीभर सांगू.”

“सांग ना. पण जामीनदार म्हणून माही सही दाखव पयले.”

सही नव्हती. ओळखपत्रंही नव्हती.

“बिनकागदाचं कोनाच्या दारात जायाले आमाले भेव वाटे, बावा!”

त्यांची बायको सुंदराबाई आतून म्हणाल्या, “अवो, देऊन टाका न पेन्शनीतले. पोराची अब्रू जाईन.”

“कमावते न थो? त्याची अब्रू त्यानंच राखाव.”

मग तायडेंनी अनुपचा पत्ता स्वतः लिहून दिला: तिसरा मजला, डावीकडचं दार, रविवारी दहापर्यंत घरीच. खुणेसाठी पानटपरीही.

“येतो साहेब,” म्हणत दोघे निघाले. बेलिफाला साहेब म्हणायची पद्धत कोर्टात नव्हती.