मामीच्या नावाचा घोट

पुण्यात आमचा पाच-सहा जणांचा एक गट आहे. शनिवारी दुपारी आम्ही कुठल्या तरी छोट्या ब्रुअरीत जमतो आणि तिथेच बनवलेल्या बिअरची चव घेतो. चव घेतो म्हणजे पितो कमी आणि बोलतो जास्त. हिला शेवटी संत्र्याची साल लागते, त्या काळ्या बिअरमध्ये करपलेली भाकरी आहे, ह्या गव्हाच्या बिअरला अजून आठ दिवस हवे होते, असलं सगळं गंभीर चेहऱ्याने. लोकांना हसू येतं, येऊ दे. मी मारेगावकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. शहरातल्या चार माणसांनी आपल्याला जाणकार म्हणावं याची मला भारी हौस. मी ग्लास नाकाशी नेला की बाकीचे गप्प बसायचे आणि मी मुद्दाम वेळ लावायचो.

त्या गटातल्या एका वाइनवाल्याने आम्हाला थुंकायला शिकवलं. एका बैठकीत आठ-दहा चवी घ्यायच्या, वर घरी गाडी चालवत जायचं, तर घोट तोंडात घोळवायचा, नाकातून श्वास सोडायचा आणि बाजूच्या बादलीत टाकून द्यायचा. पहिल्या वेळी मला कसंसंच झालं. मग सवय झाली. मग तर थुंकणं हेच जाणकारीचं लक्षण वाटायला लागलं.

नाक मात्र मला पुण्यात मिळालेलं नव्हतं. ते मामांनी दिलं.

मामा नात्याचे नव्हेत; आमच्याकडे अठरा वर्षं सालदार होते, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे. जमातीने कोलाम, झरी जामणी तालुक्यातल्या एका पोडावरचे. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. मोहाच्या दिवसांत ते आठवडाभर घरी जायचे आणि परत येताना धोतराच्या सोग्यात वाळलेली फुलं आणायचे. मला डोळे मिटायला लावून मूठभर फुलं नाकाखाली धरायचे. "किती दिसाचं हाये, सांग बापू." दोन दिवस वाळलेल्या मोहाचा वास वेगळा, पाच दिवसांच्याचा वेगळा, आणि पाऊस लागलेला तर लांबूनच कळतो. मी बरोबर सांगितलं की ते मांडीवर थाप मारायचे. चुकलो की मामीला हाक मारून सांगायचे, की ह्याले आज सर्दी झाली.

मामी कापूस वेचायच्या दिवसांत आमच्या शेतावर यायची. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तीन दगडांवर गुळाचा कोरा चहा ठेवायची आणि सगळ्या बायकांच्या आधी मला द्यायची. माझ्या आईलाही नंतर. आई कधी कधी चिडायची, पण मामीने ते कधी मनावर घेतलं नाही.

मामांनी सालदारी सोडली, पोडावर परत गेले. मी पुण्याला गेलो. मधे वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. नोकरी केली, दुसरं काय. मामी दिवाळीच्या सुमारास वारली. आईने फोनवर सांगितलं, ये म्हणाली. मी कामाचं कारण सांगितलं. कारण खरं होतं, पण जाता आलं नसतं असं नाही.

चैत्रात गावी गेलो तेव्हा गाडी घेऊन पोडावर गेलो. मनात दुःख होतं हे खरं. पण एक दुसरी गोष्टही मनात होती. गटात कोणीतरी विचारलं होतं, तुमच्या भागातलं स्थानिक काय, आणि मी छाती काढून म्हटलं होतं, मोहाची. पुढच्या शनिवारी त्यावर बोलतो. म्हणजे मी मामांना भेटायला गेलो होतो आणि माझ्या शनिवारची तयारी करायलाही गेलो होतो. कुठलं जास्त, ते आज ठरवायला मला भीती वाटते.

मामांनी मला पाहिलं आणि उठून उभे राहिले. आधी मूठभर फुलं नाकाखाली धरली. मी चार दिवस म्हटलं. बरोबर निघालं. मांडीवर थाप पडली. मग ते आत गेले आणि कापडाचा बोळा लावलेली एक बाटली घेऊन आले. त्यांची सून म्हणाली, मोहाची ह्या वर्षीची ही पहिली, बुढ्यानं कोणाले हात लावू देला नाही. मामांनी उंबऱ्याबाहेर बसून पळसाच्या पानाच्या द्रोणात ती ओतली. द्रोणातून थोडी जमिनीवर सोडली. कोलामीत काही बोलले, त्यात मामीचं नाव मला ऐकू आलं. मग तोच द्रोण दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला आणि पुण्याचा झालो. द्रोण उजेडात धरला. हलवला. नाकाशी नेला. म्हणालो, मामा, वा, धूर आहे, मनुका आहे, खाली जरा ओली माती आहे. घोट घेतला, तोंडात घोळवला, नाकातून श्वास सोडला. फार सुंदर होती ती. पुण्यातल्या कुठल्याही ग्लासापेक्षा सुंदर. आणि मी मान वळवून ती थुंकली. उंबऱ्याशी, जिथली माती मामीच्या नावाने ओली झाली होती, बरोबर तिथे.

मामा जमिनीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "कडू लागली का, बापू?"

मी हसलो. म्हटलं, नाही हो, फर्स्ट क्लास आहे, गाडी चालवायची आहे ना म्हणून. ते बरं म्हणाले. माझ्या हातातला द्रोण काढून घेतला, उरलेलं स्वतः पिऊन टाकलं आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझ्या गाडीची किती काळजी. चहा पिताना मी पुण्याला न्यायला एखादी बाटली मागितली. संपली म्हणाले. बाटली त्यांच्या पायाशीच होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. ते पाहूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

संध्याकाळी जेवताना मी आईला सगळं कौतुकाने सांगितलं. तिचा हात ताटातच थांबला.

"थुकला? तिच्या नावाच्या घोटावर थुकला तू?"

मग तिने समजावलं. गेलेल्या माणसाच्या नावाने वर्षाची पहिली जमिनीवर सोडायची, आणि ज्यांना त्या माणसाने आपलं मानलं त्यांनी एकेक घोट गिळायचा. तो गिळला म्हणजे ते माणूस तुमच्या घरात राहिलं. मामीने आजारपणात माझं नाव घेतलं होतं. म्हणून मामांनी ती बाटली मी येईपर्यंत अडवून धरली होती. आईला हे मामांच्या सुनेने सांगितलं होतं आणि मलाही माहीत असेल असं आई धरून चालली होती. अठरा वर्षं ती माणसं आपल्या घरात होती, एवढंही तुले कळू नये, असं म्हणून ती ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोडावर जायला हवं होतं. मला पुण्याला निघायचं होतं. पुढच्या वेळी जाऊ, असं स्वतःला सांगितलं. शनिवारी गटात मी मोहावर बोललो, धूर आणि मनुका आणि ओली माती. टाळ्या पडल्या. थुंकल्याचं मी सांगितलं नाही. इतक्या हलकटपणाने मी आयुष्यात कधी टाळ्या घेतल्या नसतील.

पुढच्या चैत्रात गेलो तेव्हा अंगणात मोह वाळत होता आणि घरभर वास होता. मामांनी चहा मागवला. मी बाटलीकडे बघतोय हे त्यांना कळलं. "गाडी चालवाची हाये न तुले," एवढंच म्हणाले. रागाने नाही. माझंच कारण त्यांनी जपून ठेवलं होतं. फुलांची मूठ त्यांनी त्या दिवशी नाकाखाली धरली नाही.

यंदा मी गाडी नेलीच नाही. मारेगावहून शेअर जीपने फाट्यापर्यंत गेलो आणि पुढचं पायी चाललो. मामा आता फार थकले आहेत, नजर कमी झाली आहे, आवाजावरून ओळखलं. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं की आज जीपने आलो, गाडी नाही. ते म्हणाले, मंग त थकला असशीन, चाय घे. आणि सुनेला हाक मारली.

मग मी बोललो. दोन वर्षं मनात घोळवलेलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "मामा, त्या दिशी चुकलं माह्यं. मले समजलं नाही."

मामांनी माझा गुडघा चाचपला आणि त्यावर हात ठेवला. "तू कायले चुकतं, बापू. तुह्या तोंडाले नसन लागली. तुह्या वाट्याची होती, मी पेलो. झालं ते."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांच्या लेखी विषय संपला होता. तो घोट एकदाच असतो. मामी एकदाच गेली होती, तिच्या नावाची पहिली एकदाच निघाली होती, आणि ती कोणासाठी दुसऱ्यांदा निघणार नव्हती. मी जीपने येवो की अनवाणी.

चहा आला. कोरा, गुळाचा, धुऱ्यावरच्या चहासारखा. माझ्याने राहवलं नाही. मी कप खाली नेला आणि उंबऱ्याशी, त्याच जागी, थोडा चहा मामीच्या नावाने जमिनीवर सोडला. मग उरलेला एका दमात गिळला. जीभ पोळली.

मामांना दिसलं नसेल असं वाटलं होतं, पण सांडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. काय केलं म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"बापू," ते म्हणाले, "मामी चाय पेतच नोती."

इतकी वर्षं मी तिच्या हातचा चहा प्यायलो होतो.