चट्टा नव्हता, असे मी सांगितले

ठाण्याच्या रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी माझ्या फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ निरखला.

"हा चट्टा कधीचा?"

"जुलैमधला."

"आणि आधीच्या डॉक्टरांना काय सांगितलंत?"

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला. फोन परत करत त्या म्हणाल्या, "हा लाइम डिसीज असावा. आणि तो नसांपर्यंत पोचलाय."

पलंगावर माझी मुलगी मृणाल होती. वय सत्तावीस. डिसेंबरात तिचे लग्न ठरले होते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू निश्चल झाल्याने ती घाबरली आहे की माझ्यावर रागावली आहे, हे मला तिच्या तोंडाकडे पाहून कळत नव्हते.

जे घडले ते क्रमाने लिहितो. तुमच्या घरात अशी वेळ आली, तर निदान माझी चूक तुमच्याकडून होऊ नये.

तिकडच्या उन्हाळ्यात कंपनीने मृणालला तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवले होते. रविवारी ती मैत्रिणींबरोबर जंगलात फिरायला जाई. जुलैत तिने मांडीचा फोटो पाठवला. मध्ये लालसर ठिपका, भोवती फिकट कडे, त्याबाहेर पुन्हा लाल वर्तुळ. "बाबा, हे बघा काय आलंय. दुखत नाही, पण रोज मोठं होतंय."

मला आजार दिसला नाही, लग्न दिसले. आमच्याकडे मुलीच्या अंगावरच्या डागाची चर्चा कशी होते, कोड आहे का म्हणून किती जण विचारतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. मी लिहिले, "फोटो पुसून टाक. कोणाला दाखवू नकोस." तिने पुसला. माझ्याने मात्र तिचा कुठलाच फोटो पुसवत नाही, म्हणून तो माझ्याकडे राहिला.

चट्टा आपोआप गेला. परतल्यावर तिची पाठ दुखू लागली. दिवसा बरे वाटे, झोपायला गेली की आग व्हायची. आम्ही गादी बदलली. मग एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळू लागले आणि डावा डोळा मिटेना.

डोंबिवलीतल्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाई, बाळकुमच्या सुलभाताई, बरोबर होत्या. मृणालचे शब्द ओठांतून निसटत होते, म्हणून उत्तरे मीच देत होतो. डॉक्टरांनी विचारले, "मागच्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, चट्टा?"

मृणालने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नाही."

तिने मान खाली घातली.

निदान झाले बेल्स पाल्सीचे, म्हणजे चेहऱ्याची नस अचानक दुबळी होणे. माझ्या उत्तरावर दुसरे निदान होणार तरी कसे? स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशी डोके असह्य दुखू लागले, मान वाकेना. ठाण्याला निघालो आणि शीळफाट्याच्या कोंडीत गाडी थांबली. मृणालने माझा हात धरून स्वतःच्या उजव्या गालावर ठेवला.

"बाबा, ही बाजू पण गेली."

तिचे दोन्ही डोळे उघडेच होते. आरशात पाहून ड्रायव्हर म्हणाला, "काका, काच वर करा, धूळ येतेय." काच वर करून मी तळहातांनी तिचे डोळे झाकले. समोरचा ट्रक हलेपर्यंत तेवढेच करता येत होते.

दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये गाठ नाही, पक्षाघात नाही. डॉक्टरबाईंनीही चट्ट्याचे विचारले. सुलभाताई त्याही वेळी खोलीत होत्या. मी फोन काढला.

त्याच दुपारी लंबर पंक्चर केले, म्हणजे कमरेत सुई घालून मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे पाणी तपासले. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. डॉक्टरबाईंनी समजावले : तिकडच्या जंगलातली गोचीड चावली की बोरेलिया नावाचा जंतू शरीरात जातो. काही आठवड्यांनी तो मज्जासंस्थेत शिरला, तर चेहऱ्याच्या नसा सुजतात, पाठीतल्या नसांची मुळे सुजतात. या अवस्थेला न्यूरोबोरेलिओसिस म्हणतात. "पाठदुखी गादीची नव्हती," त्या म्हणाल्या. रक्ताचा अहवाल बाहेरून येणार होता. त्याची वाट न पाहता त्यांनी सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक शिरेतून सुरू केले. एकवीस दिवस.

बाहेरच्या बाकावर मी सुलभाताईंना सारे सांगितले. मला वाटले, त्या उठून जातील.

"म्हणजे आमच्यापासून लपवायला पोरीचं तोंड पणाला लावलंत?" त्या म्हणाल्या. "अहो भाऊ, माझे सासरे जन्मभर मिठागरात उभे राहिले. पायभर चट्टे होते त्यांच्या. मंडपातही धोतर वर खोचूनच फिरायचे. तुम्ही आम्हाला विचारलं तरी होतंत का?"

नव्हते विचारले. मृणाललाही नव्हते.

रक्ताचा अहवाल लाइमचाच आला. नवव्या दिवशी उजवी पापणी थोडी हलली. माझी पत्नी ओरडली, "अगं, परत कर!" आणि मृणालने ते इतक्या वेळा केले की सिस्टरने तिला दटावले. डाव्या बाजूला वेळ लागला. लग्न मृणालनेच पुढे ढकलले. "सरळ हसता आल्यावर," ती म्हणाली. सुलभाताई म्हणाल्या, "वाकडं हसलीस तरी चालेल गं, पण तुझं तू ठरव."

डॉक्टरांचा मी ऋणी आहे. पण माझ्या चुकीचे क्षालन औषधाने होणारे नाही. आजारी माणसाच्या वतीने बोलणे हे प्रेम आहे, असे मी समजत होतो. त्यात माझीच भीती बोलत होती.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो. डॉक्टरबाईंनी विचारले, "आता काही त्रास?"

"नाही" माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि मृणालकडे पाहिले.

"जेवताना डाव्या डोळ्यातून पाणी येतं," ती म्हणाली. "रोज."

रोज मी तिच्यासमोर जेवायला बसतो. मला हे माहीत नव्हते.