बशीर मिस्त्रीचा बहुमताचा ओटा

बशीर मिस्त्रीनं उभ्या आयुष्यात एक भिंत वाकडी बांधली नाही. ओळंबा लावल्याशिवाय हा माणूस अंगणात खाटसुद्धा टाकणार नाही. अशा माणसाच्या हातून फाट्यावरचा तो ओटा कसा घडला, ते ऐका. त्यात माझंही बोट आहेच म्हणा.

मिस्त्रीची बायको हाजराबी गुडघ्यांनी बेजार. दर मंगळवारी तळोद्याला दवाखान्यात जायचं, आणि जीपची वाट बघत फाट्यावर तासभर उभं राहायचं. टेकायला दगडही नाही. पंचायतीनं तिथं ओटा मंजूर केला तेव्हा मिस्त्री पेढे वाटायचाच बाकी होता.

पण आमचे हिंमतराव! निवृत्त कारकून, हातात कायम वही. म्हणाले, लोकांना विचारल्याशिवाय वीट हलणार नाही. डेअरीवर त्यांनी विचारलं, ओटा किती उंच? दूधवाले म्हणाले, छातीएवढा; कॅन त्यावर ठेवला की टेम्पोत सरकवता येतो. पिठाच्या गिरणीवर बायकांना विचारलं, तोंड कुठं? त्या म्हणाल्या, रस्त्याकडे पाठच बरी. उसाच्या ट्रकांची धूळ पिठात जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर पोरांना विचारलं, छप्पर केवढं? पोरं म्हणाली, बुटकं. वाढदिवसाचा बॅनर बांधताना हात पोचला पाहिजे.

तिन्हीकडे दणदणीत बहुमत! एकूण मतं चारशे तीस. गावात मतदार दोनशे नव्वद. का, तर मीच तीनदा मत दिलं होतं: दूध घालताना, दळण नेताना, आणि नातवाच्या मोबाइलवरून. बसायचं कसं, हे तिन्ही ठिकाणी कुणी विचारलं नाही, मीही तो विषय काढला नाही.

मिस्त्रीनं वही पाहून डोकं खाजवलं. "भाऊ, या तिन्ही गोठी एकच ओटावर कश्या बसतीन?"

"बहुमत शे, मिस्त्री! तू बांध."

बांधला. ओळंब्यात, गुण्यात, एक सूत इकडचं तिकडे नाही.

मंगळवारी हाजराबी आली. मिस्त्रीनं शिडी लावून तिला वर चढवलं. डोकं पत्र्याला टेकलं, मान गुडघ्यांत गेली, आणि समोर काय, तर कापसाचं शेत.

"अजी," ती आतून ओरडली, "ये बैठने का है, के मुर्गी डालने का?"

तेवढ्यात मागं जीप आली, हॉर्न वाजवला, आणि मिस्त्री तिला खाली उतरवेपर्यंत निघूनही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री हातोडा घेऊन हजर. हिंमतराव वही नाचवत धावले. "कोनले ईचारीसन तोडी ऱ्हायना?"

"एक जनीले."

"आरे, एकच मत?"

"हा भाऊ. पन तिले तठे बसनं शे."

हिंमतरावांनी वही उघडली, मिटली, आणि काखेत मारली. मिस्त्रीनं ओटा गुडघ्याएवढा केला, तोंड रस्त्याकडे फिरवलं, छप्पर उंच केलं. एक टोक तेवढं कॅनसाठी उंच ठेवलं. गिरणीवाल्या बायकांना डबे ठेवायला मागं आडोसा काढला. पोरांना एक बांबू रोवून दिला.

पुढच्या मंगळवारी हाजराबी बसली. पाय लांब केले, पाठ टेकली, पान काढलं. जीप येऊन थांबली. मिस्त्री दार धरून उभा.

हाजराबीनं बसल्या जागेवरून जीपवाल्याला हात हलवला. "जा रे भाऊ तू. मी दुसरी जीपमा यीसू."