ताटीपलीकडची बाई

दुसऱ्याच्या दुःखानं रडावं तर आमच्या शेजारच्या सरांनीच. फक्त ते दुःख छापलेलं असायला हवं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत राहणारे हे इंग्रजीचे निवृत्त मास्तर सत्तरीच्या आसपास एका जाडजूड विलायती कादंबरीच्या असे काही नादी लागले, की तिच्यातल्या प्रत्येक पात्राला ते माणुसकीचे गुण देऊ लागले. दहापैकी, समासात, लाल पेन्सिलीनं. त्यातल्या घरमालकिणीला शून्य. कोपऱ्यावरचा वाणी एकदा म्हणाला, "तिचीबी काही मजबुरी असंन, सर," तर सरांनी त्याच्याकडून साखर आणणंच बंद केलं. कादंबरीतला एक म्हातारा मेला तेव्हा या गृहस्थानं चक्क सुतकाची डोक्यावरून आंघोळ केली. पाणी वहिनींनी तापवलं.

वहिनी म्हणजे सरांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. मूलबाळ नाही, माहेरी कोणी उरलं नाही, म्हणून या बिनलग्नाच्या दिराच्या घरी. स्वयंपाक, धुणी, भांडी सगळं त्यांच्याकडे. एवढ्या शब्दसंपत्तीचा धनी माणूस, पण आठवड्यात वहिनींच्या वाट्याला चार वाक्यं यायची, आणि त्यातली तीन भाजीतल्या मिठाबद्दल.

मे महिन्यात दुपारी वाचन चाले. दाराला खसची, म्हणजे वाळ्याच्या मुळांची, ताटी लावलेली. बाहेरून तिच्यावर पाणी मारत राहिलं की आत गारेगार. आम्ही चार रिकामटेकडे सतरंजीवर पसरायचो आणि सर एकेक पान वाचून मराठीत अर्थ सांगत कडाडायचे. गोष्ट एका एकट्या शिवणकामवालीची होती. भाडं थकलं म्हणून मालकिणीनं तिला भर बर्फात दाराबाहेर काढलं होतं. "कसे लोक असतात हो! दाराआड माणूस मरून राहिलं आन् हे आत मजेत बसले," असं म्हणून सर धोतरानं डोळे पुसत. आम्हीही पुसायचो. तेवढ्यात ताटीवर बाहेरून एक लोटा पाणी सपकन पडायचं आणि बरं वाटायचं. ते पाणी वहिनी मारत असत, नागपूरच्या उन्हात, डोक्यावर ओला पदर घेऊन. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी तर तेव्हा स्वतःला फार शहाणा समजत होतो.

एका दुपारी ताटी वाळली. गरम झळ आत आली तसे सर खेकसले, "वहिनी, ताटी वाळून राहिली! का करून राहिल्या तुम्ही?"

थोड्या वेळानं ताटीपलीकडून आवाज आला. "ऐकत होती, भाऊजी. हात थांबून गेला. मंग तिले आत घेतलं का कोणी?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाले. आम्ही एकमेकांकडे न बघता चपला घातल्या आणि अंगणातून जाताना वहिनींकडेही बघितलं नाही. मला लाज वाटत होती, सरळ सांगतो.

दुसऱ्या दिवशी बादली आणि लोटा पाळीपाळीनं आमच्याकडे आला. "तुले हात नाहीत का गा?" सर मला म्हणाले. वहिनी आत भिंतीशी अंग चोरून बसल्या, आणि दोन पानं होतात न होतात तोच झोपी गेल्या. किती उन्हाळ्यांची झोप होती कोण जाणे. सरांनी शेवटचं प्रकरण काढलं. गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा तो आवाज त्यांनी इतका खाली आणला, की आम्हाला पुढे सरकून ऐकावं लागलं. ती बाई दारातच गोठून मेली. त्या दिवशी कोणी डोळे पुसले नाहीत.

वहिनी दचकून जाग्या झाल्या. पदर सावरत म्हणाल्या, "घेतलं का तिले आत?"

सरांनी पुस्तक मिटलं. "घेतलं, वहिनी. चुलीपाशी बसवलं. जेवाले वाढलं."

"बरं झालं," म्हणत वहिनी चहा ठेवायला उठू लागल्या.

"बसा," सर म्हणाले आणि स्वतः आत गेले. त्या घरात चहापत्ती कुठे असते हे त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ आत डबे वाजत राहिले, आणि वहिनी ते ऐकत भिंतीला टेकून बसून राहिल्या.